फाटकातले प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने २०२५ च्या पावसाळ्यात एक माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. म्हाताऱ्या माणसांना आणि त्यांचं करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी व्यवहारातली माहिती एका जागी असावी, इतका साधा हेतू. साताऱ्यासारख्या गावात हे काम अवघड जाऊ नये. गाव आटोपशीर, निवृत्त माणसं भरपूर, त्यांची मुलं पुण्याला नाहीतर त्याही पलीकडे. संघात एक निवृत्त तहसीलदार आहेत, बँकेतले चार-पाच जण आहेत, दोन डॉक्टर आहेत, सरकारी दवाखान्यात उभी हयात घालवलेल्या एक सिस्टर आहेत, आणि शिक्षक तर पैशाला पासरी! माहितगारांची वानवा नव्हतीच.

पहिल्या सभेत ठरलं की लोकांना काय माहिती हवी आहे ते आधी त्यांनाच विचारावं. झालं, प्रश्नावली तयार झाली. 'आपणास खालीलपैकी कोणत्या विषयावर माहिती हवी आहे? योग्य चौकटीत खूण करा.' पुढे आरोग्य, आहार, योगासने, कायदा, गुंतवणूक, शासकीय योजना, अध्यात्म. मी त्याच सभेत म्हटलं की यातून फारसं काही हाती लागायचं नाही. छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी. 'समजलं का?' असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'हो बाई' म्हणतो. आपल्याला काय समजलेलं नाही हे मुलाला सांगता आलं असतं तर त्याला निम्मं समजलंच असतं की! पण 'कुठल्या ओळीवर अडलास?' असं विचारलं, तर तेच पोर नेमकं बोट ठेवतं.

कागद गोळा झाले. खुणा बहुतेक सगळ्या 'आरोग्य' आणि 'शासकीय योजना' यांच्यावर. एका आजोबांनी सगळ्याच चौकटींत खुणा करून खाली लिहिलं होतं, 'सर्व माहिती हवी. कळावे.' आता यातून काय पुस्तिका काढणार?

तेव्हा मग मी आणि आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, अशा दोघींनी एक शंभरपानी वही घेतली आणि घरोघरी जायला सुरुवात केली. प्रश्न एकच ठेवला. गेल्या महिन्याभरात तुम्ही कुठे अडलात? कोणती माहिती हवी, हे विचारायचंच नाही. सदाशिव पेठ, शाहूपुरी, गोडोली असं करत तीसेक घरं झाली असतील. दोघींचे गुडघे यथातथाच, त्यामुळे दिवसाला दोन घरं, आणि तिसरा मजला असेल तर एकच.

लोक काय सांगतात बघा. एक निवृत्त कारकून, झटका आल्यापासून उजवा हात गेलेला. पेन्शन बँकेत जमा होत होती, पण काढता येईना, कारण सही जुळत नव्हती. खिडकीवर सांगण्यात आलं, त्यांना घेऊन या. मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं, रिक्षात घातलं आणि बँकेच्या पायऱ्यांवरून पुन्हा खुर्चीसकट वर नेलं. त्यांच्या पत्नी सांगत होत्या, सगळे बघत होते, आणि हे मान खाली घालून बसले होते.

वास्तविक याची सोय आहे. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचासुद्धा. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शिवाय सत्तरीपुढच्या ग्राहकांना रोख रक्कम घरपोच देणं, हयातीचा दाखला घरी येऊन घेणं, अशा सोयी द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या नोव्हेंबरमध्येच बँकांना सांगून ठेवलं आहे. आमच्या संघातल्या बँकवाल्यांना हे तोंडपाठ होतं. ते म्हणाले, 'अहो, हे तर सगळ्यांना माहीत असतं!' सगळ्यांना म्हणजे बँकवाल्यांना.

गंमत अशी की त्या घरातला मुलगा चांगला शिकलेला आहे, दिवसभर त्याच्या हातात मोबाईल असतो. पण शोधणार काय? 'घरपोच बँक सेवा' हे शब्द ज्याला ठाऊक आहेत त्याला ती सापडते. त्याच्या डोक्यात प्रश्न होता, 'बाबांची सही येत नाही, आता पैसे कसे काढू?' आणि या प्रश्नातून त्या उत्तराकडे जाणारी वाट कुणी बांधलेलीच नव्हती. पुस्तिकेत कुठलं पान कसं असावं हे मला तिथे कळलं. शीर्षक लोकांच्या तोंडचं हवं. 'अंगठा व साक्षांकनाबाबत' असं शीर्षक दिलं तर ते पान कुणी उघडणार नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट एसटीची. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं. ही बातमी पसरवायला पुस्तिका लागली नाही. महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या सगळ्या आज्या गोंदवल्याला जाऊन आल्या. कारण उघड आहे. कंडक्टर स्वतःच विचारतो, 'आजी, आधार कार्ड आहे का?' ज्या जागी माहिती लागते त्याच जागी, समोरचा माणूस आपण होऊन सांगतो. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्याच्या दारात, सरकारी कचेरीत असा एकेक कंडक्टर बसवला असता तर आम्हाला वही घेऊन हिंडावंच लागलं नसतं.

हयातीच्या दाखल्याचं म्हणाल तर तो प्रश्न दर तिसऱ्या घरात होता. बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. जन्मभर भांडी घासलेल्या, पाणी उपसलेल्या बोटांवर ठसे राहतील कुठून? एका आजींनी माझ्यापुढे दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, 'बघा हो बाई, मी जिवंत आहे असं तुम्हाला तरी वाटतंय ना?' २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला मोबाईलवर होतो, आणि पोस्टमन घरी येऊनही करून देतो. पोस्टमनचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की बस्स. मोबाईलचं सांगितलं तेव्हा नव्हता खुलला.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते.

दहा-बारा घरं झाल्यावर गणिताच्या बाई एका संध्याकाळी म्हणाल्या, 'बाई, तुमच्या लक्षात आलं का? आपण लिहून घेतो ते एक, आणि निघताना ऐकतो ते वेगळंच.' अगदी खरं होतं. घरात गेलं की आजोबा खुर्चीत बसून बोलायचे. पेन्शन, बँक, आयुष्मान कार्ड, रेल्वेची सवलत २०२० मध्ये बंद केली ती अजून सुरू केली नाही त्याबद्दलचा संताप. सून किंवा बायको चहा आणून द्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. तिला विचारलं तर, 'माझं काय, ठीक आहे सगळं.' मग आम्ही उठायचो आणि ती फाटकापर्यंत सोडायला यायची. तिथे, फाटकाची कडी हातात धरून, मागे एकदा वळून बघून, आवाज खाली आणून ती खरा प्रश्न विचारायची.

'रात्री पडले ना, तर मला एकटीला उचलता येत नाही. कसं उचलायचं?'

'सासऱ्यांची आंघोळ... मला फार अवघड होतं हो. त्यांनाही होतं.'

'मी पैसे चोरले असं सगळ्यांना सांगतात. काय करू?'

'अर्धा तास बाहेरून कडी लावून भाजी आणायला गेलं तर चालेल का?'

'डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं आणि केव्हा थांबायचं, हे कसं ओळखायचं?'

आम्ही दुसरी वही केली. तिच्यावर गणिताच्या बाईंनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फाटकातले प्रश्न'. ही वही पहिल्या वहीपेक्षा लवकर भरली.

मला त्या बायकांचा हेवा वाटावा अशी परिस्थिती नव्हती, पण एक गोष्ट मनात आलीच. यांना २०१६ साली अर्धांगवायूचा झटका आला आणि २०१९ मध्ये ते गेले. मधली तीन वर्षं मीसुद्धा अशीच फाटकाशी उभी होते, आणि तेव्हा वही घेऊन कुणी आलं नव्हतं. एका मोठ्या दवाखान्यातून यांना घरी सोडलं तेव्हा हातात जो कागद मिळाला त्यात नऊ औषधांची नावं होती, पुढच्या तपासणीची तारीख होती आणि बिलाचा तपशील होता. आता घरी हा माणूस कसा सांभाळायचा, याबद्दल एक ओळ नाही. लिफ्टमधून खाली येताना बरोबर आलेली वॉर्डातली मावशी म्हणाली, 'बाई, दर दोन तासांनी कूस बदला हां, न्हाईतर पाठ फुटंल. आन् पाणी पाजताना बसवून पाजा, ठसका लागला तर थांबा.' दोन वाक्यं. लिफ्ट तीन मजले खाली यायला लागतो तेवढा वेळ. तीन वर्षांत यांच्या पाठीला एक जखम झाली नाही ती त्या मावशीमुळे. पण ती त्या दिवशी लिफ्टमध्ये नसती तर? हा विचार अजूनही कधीकधी झोप उडवतो.

तेव्हा या दुसऱ्या वहीतल्या प्रश्नांना उत्तरं मिळवायचीच, असं आम्ही ठरवलं. सिस्टरांनी कंबर कसली. (वय एकोणऐंशी, पण कंबर आमच्यापेक्षा धड.)

पडलेल्या माणसाला उठवायचं कसं, याचं प्रात्यक्षिक संघाच्या सभागृहात ठेवलं. गावातले एक तरुण फिजिओथेरपिस्ट आले. पडलेला रुग्ण म्हणून सतरंजीवर कोण आडवं होणार, यावर बरीच चुळबुळ झाली आणि शेवटी मीच झाले. शाळेत नाटकं बसवायची सवय कामी आली! तर त्यांनी सांगितलं ते असं. पहिली गोष्ट, घाई करायची नाही आणि काखेत हात घालून ओढायचं नाही. ओढण्याने पडलेल्याचा खांदा निखळतो आणि ओढणाऱ्याची पाठ धरते. आधी बोला, विचारा, बघा. जांघेत किंवा खुब्यात फार दुखत असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर हलवायचंच नाही. तिथेच पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन करायचा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर वरून बरं दिसलं तरी दवाखाना. यातलं काही नसेल तर माणसाला कुशीवर वळवायचं, मग कोपर टेकवून हातांवर-गुडघ्यांवर आणायचं, समोर एक भक्कम खुर्ची ठेवायची. त्याने खुर्चीवर हात टेकायचे, धडधाकट पाऊल पुढे रोवायचं आणि जोर लावायचा. मागून दुसरी खुर्ची सरकवायची की तो बसलाच. उठतो तो स्वतः, आपण नुसतं धरायचं. मी ब्याऐंशी किलोंची आहे, आणि मला पंचेचाळीस किलोंच्या एका सुनेने असं उठवलं. टाळ्या पडल्या. योगासनांच्या वर्गाला येतात त्याच्या तिप्पट बायका त्या दिवशी आल्या होत्या, आणि कितीतरी जणी साडीला हात पुसत, घड्याळाकडे बघत उभ्याच होत्या.

आंघोळीचं उत्तर सिस्टरांनी लिहिलं. अंगावर एक मोठी चादर टाकायची आणि तिच्याखालून एकेक भाग ओल्या पंचाने पुसून घ्यायचा. उघडं ठेवायचं ते तेवढाच भाग, आणि तेवढाच वेळ. जो भाग त्यांना स्वतःला पुसता येतो तो त्यांच्याच हातात पंचा देऊन त्यांना पुसू द्यायचा, आपण तोंड फिरवायचं. त्यांनी खाली लिहिलं होतं, 'बोलत राहा. भाव काय झालेत, कोण भेटलं, काहीही. गप्प राहून केलं की दोघांनाही लाज वाटते.' हे कुठल्या पुस्तकात मिळणार? चोरीच्या आळाबाबत त्यांचं म्हणणं असं की वाद घालायचा नाही. 'मी नाही घेतले' म्हटलं की आगीत तेल. 'चला, आपण दोघं शोधू' म्हणायचं. आणि तसंच दिसणारं दुसरं पाकीट जवळ ठेवायचं, त्यात थोडे सुटे पैसे घालून.

डॉक्टर केव्हा? यावर आमच्या दोन्ही डॉक्टरांचं एकमत झालं, हाच मुळात एक सोहळा. विसरणं हळूहळू, महिन्यामहिन्याने वाढत असेल तर त्याची तपासणी करा पण रात्री धावपळ नको. पण काल नीट बोलणारा माणूस आज अचानक बरळायला लागला, ओळखेनासा झाला, दिवसा गुंगीत राहायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. लघवीचा जंतुसंसर्ग असतो, शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, सोडियम उतरलेलं असतं, नवी गोळी सोसलेली नसते. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेवर उपचार केला तर सुधारतात. 'अचानक' हा शब्द आम्ही पुस्तिकेत जाड ठशात घेतला.

या सगळ्यात माझ्या धाकट्या जावेची गोष्ट घालावी की नाही, यावर मी बराच विचार केला. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. माझ्या दिरांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांनी बरं असतानाच हिच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं होतं, पुढेमागे लागेल म्हणून. माणूस व्यवस्थित! आता त्यांच्या उपचारांसाठी त्यांच्या एकट्याच्या नावावरची पुण्याची जागा विकायची वेळ आली, तेव्हा वकिलांनी सांगितलं, हे मुखत्यारपत्र चालणार नाही. ते देणाऱ्याची स्वतःची निर्णयशक्ती गेली की मुखत्यारपत्रही आपोआप संपतं. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस सुरू झाला की मिटते. आता पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज, वैद्यकीय दाखले, महिनोन् महिने वाट. जाऊ म्हणाली, 'वहिनी, हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर जागा दोघांच्या नावावर करून घेतली असती हो.' ती रडली नाही. नुसतं सांगितलं. रात्री दोन-दोनदा उठून त्यांना अंथरुणाकडे परत नेणारी बाई ती, रडायला तिला सवडच नाही.

यावरून पुस्तिकेची मांडणी बदलली. माहितीला वेळ असते. काही आज रात्री दोन वाजता लागते, आणि काही अशी असते की ती लागेल तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो. म्हणून 'आरोग्य', 'कायदा' हे विभाग काढून टाकले. पहिला भाग 'आत्ता लगेच', आणि शेवटचा भाग 'अजून सगळं ठीक आहे तोवर'. त्या शेवटच्या भागात खाती आणि ठेवी दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' अशा पद्धतीने करून घेणं आलं. मृत्युपत्र आलं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो पैसे ताब्यात घेतो पण मालक होतोच असं नाही, हे आलं. (हे पान तयार झालं आणि नेमकं १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतील असा बदल झाला. पुन्हा टंकलेखन!) घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचंच असेल, तर 'तो आमचा सांभाळ करील' ही अट त्या कागदातच लिहून घ्यावी, हे आलं. पालकांच्या निर्वाहाचा २००७ चा जो कायदा आहे, त्याच्या तेविसाव्या कलमाखाली अशी अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणाकडे ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर मार्ग फार खडतर होतो. हे सांगितलं तेव्हा एका घरात एक गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मी असं कसं लिहून घेऊ? मुलगा आहे तो माझा.' त्यावर आमच्याकडेही उत्तर नव्हतं. आम्ही चहा प्यालो आणि उठलो. त्या दिवशी फाटकापर्यंत ते स्वतः आले.

जाता जाता आयुष्मान कार्डाबद्दल, कारण त्याची चौकशी सगळेच करतात. सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं, आणि तेही योजनेत असलेल्या दवाखान्यात. घरी ठेवलेली बाई, डायपर, हवेची गादी, कमोडची खुर्ची यांचे पैसे त्यात नाहीत, आणि लांबलेल्या दुखण्यात घर पोखरून निघतं ते याच खर्चाने. खाट, वॉकर, चाकांची खुर्ची विकत घेण्याआधी गावातल्या रुग्णसाहित्य देणाऱ्या संस्थांकडे विचारावं. अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं.

पुस्तिका छापायला जाण्याआधी कार्यकारिणीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ आहेत. पण आंघोळ, डायपर, बद्धकोष्ठ असली पानं बघून ते अस्वस्थ झाले. म्हणाले, 'प्रकाशन मान्यवरांच्या हस्ते आहे. संडास-लघवीवर दोन-दोन पानं बरी दिसतील का?' सिस्टर शांतपणे म्हणाल्या, 'साहेब, मान्यवरांनाही लागणारच आहे ती.' ती पानं राहिली. शुभेच्छांची चार पानं गेली. अक्षर मात्र मोठं ठेवा म्हणून सगळ्यांनीच आग्रह धरला, आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं ठेवलं. मधलं एक पान सुटं आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला. त्यावर १०८, ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हे छापले आहेत. १४५६७ हा सकाळी आठ ते रात्री आठ चालतो हेही लिहिलं आहे, कारण म्हातारी माणसं पडतात ती बहुधा आठनंतर. त्याखाली पाच ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. त्यात शेजाऱ्याचा, रिक्षावाल्याचा, औषधाच्या दुकानाचा नंबर आपला आपण लिहायचा.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने पुस्तिकेची बातमी ऐकून फोन केला. त्याला पुण्यातल्या त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या ताईसाठी, चोवीस तासांच्या मदतनीस बाया पुरवणाऱ्यांची यादी हवी होती आणि घरात कॅमेरे बसवणाऱ्यांचीही. मुलगा गुणी आहे, काळजीपोटीच विचारतो. (तो हे वाचेल, रागावणार नाही.) मी ताईला फोन लावला आणि माझा ठरलेला प्रश्न विचारला, गेल्या महिन्यात कुठे अडलीस? ताई म्हणाली, 'अगं, गोळ्यांची ती पाकिटं माझ्या बोटांनी फुटत नाहीत. सुरीने कापायला गेले तर गोळीचे दोन तुकडे होतात. म्हणून परवापासून संध्याकाळची गोळी घेतच नाहीये.' कोपऱ्यावरचा औषधवाला दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरून देतो आता. काही घेत नाही. तिने नुसतं विचारायचं होतं.

दुसऱ्या वहीतला एक प्रश्न मात्र आम्ही पुस्तिकेत घेतला नाही. एका बाईंनी फाटकाशी विचारलं होतं, 'यातून कधी एकदा सुटेन असं वाटतं हो. हे पाप आहे का?' गणिताच्या बाईंनी तो क्रमांक घालून लिहून ठेवला आहे, इतर प्रश्नांसारखाच. त्या बाईंकडे सिस्टर दर गुरुवारी दुपारी जाऊन बसतात. त्या वेळात ती बाई झोपते.

आणि एका प्रश्नासाठी अख्खं पान राखलं होतं, ते कोरंच छापावं लागलं. 'माझ्या भाचीचं लग्न आहे. मला दोन दिवस माहेरी जायचंय. तेवढे दिवस यांना कुठे ठेवू?' आम्ही आसपासच्या वृद्धाश्रमांत फोन केले. अंथरुणावर असलेला माणूस घेत नाहीत. एका ठिकाणी घेतात, पण निदान एक महिन्याचे पैसे भरावे लागतात. घरी येऊन दोन रात्री राहील अशी खात्रीची बाई ब्यूरोकडे मिळते, पण अनोळखी बाईला बघून हे गृहस्थ घाबरतात आणि जेवत नाहीत. लग्न झालं. ती गेली नाही. साताऱ्यात, कराडला, वाईला, पुण्याला, कुठेही अशी दोन-चार दिवसांची सोय आपल्या कुणाच्या स्वतःच्या अनुभवात असेल तर मला जरूर कळवा. दुसरी आवृत्ती दिवाळीच्या आधी काढायची आहे.